ओराझाली अतांची मुदत

असे समजा, की तुमच्या घरी मोठे जेवण आहे. दीडशे पाहुणे यायचे आहेत. पहिला मान कुणाचा यावरून दोन वर्षांपूर्वी एक म्हातारे गृहस्थ भरल्या पंगतीतून काठी उचलून निघून गेले होते, ते आता कसेबसे परत यायला तयार झाले आहेत. आणि या खेपेला मान ठरवायचे काम तुमच्या गळ्यात पडले आहे. आला ना पोटात गोळा? तेरेक्ती गावच्या सागिंदिकची मुलगी तोर्गिन हिच्या पोटात तो गोळा सबंध आठवडा होता, आणि जेवणाच्या दिवशी तर तो कलिंगडाएवढा झाला.

तोर्गिन अल्माटीला एका बँकेत संगणकाचे काम करायची. बँकेच्या इंटरनेटवरच्या पानावर माणूस एकदा आपले नाव आणि परवलीचा शब्द टाकून आत आला, की पुढच्या प्रत्येक पायरीवर त्याला पुन्हा "तू कोण?" असे विचारत बसत नाहीत. त्याच्या हाती एक चिठ्ठी देतात. तिच्यावर लिहिलेले असते, की हा अमुक अमुक, याला आम्ही ओळखतो, याला इथपर्यंत जाऊ द्यावे. या चिठ्ठीला टोकन म्हणतात. ती डोळ्यांना दिसत नाही, फोनच्या किंवा संगणकाच्या पोटात असते. खोटी चिठ्ठी घेऊन कुणी आत घुसू नये, हे बघणे तोर्गिनचे काम.

एका संध्याकाळी वडिलांचा फोन आला. सागिंदिक हा मोजके बोलणारा माणूस. त्याने आधी हवापाणी विचारले, मग मुद्द्यावर आला.

"तुमच्या बँकेत कुणी स्वतःला दुसराच कुणी म्हणवून घुसू नये, हे तूच बघतेस ना?"

"हो, पापा."

"मग माझ्या साठीला कुणी स्वतःला थोरला म्हणवून घुसू नये, एवढं बघ."

तोर्गिनला पुढचे सांगावे लागले नाही. मेंढी केवढीही असली तरी तिला डोके एकच असते, आणि उकडलेले डोके ताटात ठेवून ज्याच्यापुढे नेतात तो त्या जेवणातला सर्वांत थोरला पुरुष. दोन वर्षांपूर्वी तोर्गिनच्या भावाच्या लग्नात ते डोके इब्राय अतांच्या, म्हणजे इब्राय आजोबांच्या, पुढे गेले. वाढणाऱ्याला म्हणे त्यांची दाढी जास्त पांढरी दिसली. शेजारी बसलेल्या ओराझाली अतांनी काठी घेतली आणि ते उठून गेले. ते सागिंदिकचे सख्खे काका. सागिंदिक सहा वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. त्याला घोड्यावर बसवले, शाळेत घातले, सासरी त्याच्यासाठी शब्द टाकला, तो याच काकांनी. आणि तेच काका दोन वर्षे या घराचे दार टाळायला ओढ्याकडून वळसा घालून जात होते. सागिंदिकला साठाव्या वर्षी दुसरे काही नको होते. त्याला त्या काकांचा आशीर्वाद हवा होता. आणि काका आता ऐंशीला टेकले होते, तेव्हा सत्तराव्या वर्षाची वाट बघण्यात अर्थ नव्हता.

मध्यस्थांमार्फत काकांचा निरोप आला होता, की येईन. पण डोके कुणाचे हे या वेळी कुणाच्या डोळ्यांनी ठरायला नको, आणि कुणाच्या तोंडानेही.

म्हणून तोर्गिनने संगणकावर तसेच एक पान तयार केले. प्रत्येक पाहुण्याने फाटकात ओळखपत्र दाखवायचे. तोर्गिन त्याचे नाव आणि जन्मतारीख लिहून त्याच्या फोनवर टोकन देणार. फोन नसेल त्याला तेच कागदावर छापून मिळणार. जेवायच्या वेळी वाढपी आपला फोन घेऊन फिरणार, प्रत्येकाचे टोकन त्या फोनला दाखवणार, आणि कोणत्या दस्तरखानावर, म्हणजे कोणत्या पंगतीत, थोरला कोण हे फोनच सांगणार. भांडण करायचे तर फोनशी करा.

जेवणाच्या चार दिवस आधी तालीम झाली. तोर्गिनचा चुलतभाऊ एल्दोस याचे तालुक्याच्या गावी फोन दुरुस्तीचे दुकान होते, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्याला खोड्या सुचायच्या. तो टोकन घेऊन कोपऱ्यात गेला, आणि पाच मिनिटांनी येऊन तोरवर, म्हणजे दारासमोरच्या मानाच्या जागी, मांडी घालून बसला. वाढप्याचे काम केंझे आगांकडे, म्हणजे केंझेदादांकडे, होते. हा माणूस तीस वर्षे मोठ्या कढईपाशी उभा राहून ओरडूनच बोलायला शिकलेला. त्यांनी एल्दोसच्या टोकनावर आपला फोन धरला आणि तो हिरवा झाला. एल्दोस, जन्म १९२९, डोक्याचा मान याचा.

"दिसत नाहीस रे तेवढा," केंझे आगा म्हणाले. "दात शाबूत आहेत का, की बारीक करून देऊ?"

एल्दोसने १९९९ मधल्या एका नवाचे दोन केले होते. बाकी काही नाही. तोर्गिन रागावली नाही. घाईत तिने चिठ्ठीवर शिक्काच मारला नव्हता, आणि बिनशिक्क्याच्या चिठ्ठीवर कुणीही काहीही खोडू शकतो.

त्या रात्री तिची आठ वर्षांची भाची झेरे तिच्या शेजारी बसून सगळे बघत होती. तोर्गिनने तिला सांगितले, की शिक्का दोन भागांचा असतो. एक भाग मारायचा, तो फक्त माझ्याजवळ, कुणाला दाखवायचासुद्धा नाही. दुसरा भाग पडताळायचा, तो सगळ्यांना वाटून टाकायचा. त्या दुसऱ्या भागावर लिहिलेले असते, की हा शिक्का कुणाचा, आणि कधीपासून कधीपर्यंत चालेल. त्याला सर्टिफिकेट म्हणतात. पडताळायच्या भागाने शिक्का मारता येत नाही. आणि हा शिक्का कागदाच्या कोपऱ्यात उमटत नाही, तो चिठ्ठीतल्या प्रत्येक अक्षराला धरून असतो. एक अक्षर हलले की जुळत नाही.

"म्हणजे आता एल्दोस आगा म्हातारे होणार नाहीत?" झेरेने विचारले.

"हळूहळू होतील. सगळे होतात तसे."

दुसऱ्या दिवशी एल्दोस पुन्हा तोरवर जाऊन बसला, आणि फोन पुन्हा हिरवा झाला. या वेळी त्याने स्वतःचाच एक शिक्का बनवला होता. त्यावर नाव घातले होते "सागिंदिकच्या घरचे जेवण", आणि १९२९ लिहून तो मारला होता. शिक्का जुळतो की नाही हे फोन बघत होता. पण तो कुणाचा, हे बघायला त्याला तोर्गिनने सांगितलेच नव्हते. केंझे आगांनी या खेपेला त्याच्या कपाळावर हात ठेवून पाहिला आणि शंभरीच्या तयारीबद्दल विचारपूस केली. तोर्गिन मात्र कानापर्यंत लाल झाली. बँकेत तिला असे कुणी फसवले नव्हते. तिने केंझे आगांच्या फोनमध्ये आपले एकच सर्टिफिकेट बसवले आणि दुसरे कोणतेही आले तर ओळख दाखवायची नाही असे बजावले. तिसऱ्या दिवशी एल्दोसने सकाळपासून दुपारपर्यंत डोके लढवले आणि शेवटी हात टेकले. खुद्द त्यानेच गावभर सांगितले, की आता या शिक्क्यापुढे कुणाचे काही चालणार नाही. सागिंदिकने ते ऐकले आणि त्या रात्री तो बऱ्याच दिवसांनी घोरला.

जेवणाचा दिवस उजाडला. आमंत्रण अकराचे होते, म्हणून पाहुणे एकपासून यायला लागले. तोर्गिन फाटकाजवळ टेबल टाकून बसली होती. ओळखपत्र घ्यायचे, तारीख लिहायची, शिक्का, पुढचा. इब्राय अता आले, जन्म १९४७. त्यांनी टोकनाचा कागद घडी घालून टोपीत ठेवला. सगळ्यांत शेवटी ओराझाली अता आले. सागिंदिकने दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. काकांनी तो धरू दिला. त्यांनी ओळखपत्र तोर्गिनपुढे ठेवले आणि दुसरीकडे पाहत राहिले. तोर्गिनने लिहिले, १ जानेवारी १९४८. लिहिताना तिच्या लक्षात आले, की या तारखेने डोके पुन्हा इब्राय अतांकडेच जाणार. पण आता जे होईल ते कागदोपत्री होईल. काकांनीच तशी अट घातली होती. त्यांना आपली तारीख माहीत असणारच.

मग चहा झाला. बाउर्साक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, झाले, सुकामेवा झाला, साठीच्या माणसावर भाषणे झाली, एका मेव्हण्याने आपला दोन तारांचा दोंब्रा वाजवायला काढला आणि तो लवकर ठेवला नाही. चारच्या सुमाराला मांस शिजल्याचा निरोप आला, आणि केंझे आगा फोन घेऊन थेट तोरकडे गेले. त्यांनी ओराझाली अतांच्या कागदावर फोन धरला. फोन लाल झाला. केंझे आगांनी त्यावरचे वाचले, आणि कढईपाशी ओरडतात तशा आवाजात वाचले.

"अता, तुमची मुदत संपलीय."

दोंब्रा थांबला. ओराझाली अतांनी डोळे वर केले.

"असेल," ते म्हणाले. "पण हे सांगायला तुला कुणी पाठवलं?"

केंझे आगांनी घाईघाईने शेजारचा कागद तपासला. इब्राय अतांचीही मुदत संपली होती. पलीकडच्या डॉक्टरांची संपली होती. नव्या सुनेची संपली होती. दीडशे माणसांत ज्याची मुदत उरली आहे असा एकही सापडला नाही.

तोर्गिनला एका क्षणात कळले. बँकेत कुणी संगणक उघडा टाकून चहाला गेला, तर त्याची चिठ्ठी दुसऱ्याच्या हाती लागू नये, म्हणून प्रत्येक टोकन पंधरा मिनिटांत मरते. तिने सवयीने इथेही पंधरा मिनिटेच लिहिली होती. तेरेक्तीत पंधरा मिनिटांत माणसाच्या चपलासुद्धा काढून होत नाहीत. आधी घोड्याची चौकशी होते, मग दाराच्या चौकटीत "तुम्ही आधी", "नाही, तुम्ही आधी" होते.

सगळी टोकने पुन्हा द्यावी लागणार होती. तोर्गिनने ठरवले, की मध्यरात्रीपर्यंत चालतील अशी द्यायची. ती संगणक घेऊन दस्तरखानावरून दस्तरखानावर गुडघ्यांवर सरकू लागली, मागे एल्दोस छपाईयंत्र उचलून. लोकांनी समजूतदारपणा दाखवला, म्हणजे फक्त टोमणे मारले. एका आत्याने विचारले, की ही मुदत वाढवायची तर आणखी दहा वर्षे वाढवून मिळतील का, गुडघ्यांसकट. इब्राय अता म्हणाले, की लष्करात भरती होतानासुद्धा त्यांना दोनदा नाव सांगावे लागले नव्हते. सागिंदिक दाराशी उभा होता आणि मुलीकडे बघत नव्हता. त्याने रागाने पाहिले असते तर तिला बरे वाटले असते.

नवी टोकने देऊन झाली. केंझे आगांनी फोन धरला. लाल. आता फोन म्हणत होता, की या सर्टिफिकेटची मुदत अजून सुरूच झालेली नाही.

"मघाशी संपली होती, आता सुरू व्हायचीय," केंझे आगा म्हणाले. "हे तुझं सर्टिफिकेट नक्की कुठल्या गावचं?"

तोर्गिनने संगणकात सर्टिफिकेटची तारीख पाहिली, ती बरोबर होती. चूक तिची नव्हती, पण जबाबदारी तिचीच होती. शेवटी एल्दोसने फोन हातात घेतला, हलवला, त्याचा वास घेतला. मधल्या वेळात केंझे आगांनी तो रश्शाच्या वाफेत धरला होता, मग वाळवायला त्याची बॅटरी काढून पुन्हा बसवली होती. जुना फोन, बॅटरी निघाली की आपले घड्याळ विसरायचा. त्याच्या मते ते वर्ष २०१० होते. तोर्गिनचे सर्टिफिकेट तेव्हा जन्माला यायचे होते. ते जाऊ द्या, झेरेसुद्धा जन्माला यायची होती. एल्दोसने तारीख बरोबर लावून दिली. तोपर्यंत परातींतल्या रश्शावर चरबीची पांढरी साय धरायला लागली होती.

आणि मग सगळे हिरवे झाले. एकामागून एक, सबंध तोर हिरवी. केंझे आगांनी कपाळ पुसले आणि निकाल वाचला. पहिल्या दस्तरखानावर सर्वांत थोरले इब्राय अता, जन्म १९४७. मग ओराझाली अता, जन्म १९४८.

ओराझाली अतांनी बाजूची काठी जवळ ओढली.

उठताना ते रागावलेले दिसत नव्हते, थकलेले दिसत होते. सागिंदिक दारातून पुढे आला आणि त्यांच्यासमोर उभा राहिला. साठ वर्षांचा माणूस, पण उभा राहिला तो सहा वर्षांच्या मुलासारखा.

"काका, जे झालं ते कागदावरचं झालं. तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. म्हणून तर भांडत नाही. जातो."

"मग का जाता?"

तेव्हा ओराझाली अतांनी सांगितले. बारा प्राण्यांच्या जुन्या वर्षचक्रात त्यांचा जन्म कुत्र्याच्या वर्षातला, म्हणजे १९४६ चा. तेव्हा घरचे सगळे हिवाळी कुरणावर होते. नोंदी करणारा कारकून तिकडे दोन वर्षांनी एकदा घोड्यावरून यायचा आणि दिसतील ती सगळी पोरे त्याच वर्षाची म्हणून लिहून जायचा. ओराझाली तेव्हा चालत होते, बोलत होते, कारकुनाच्या घोड्याला त्यांनी दगडसुद्धा मारला होता. पण वहीत ते नुकतेच जन्मले.

"हे फाटकातच का नाही सांगितलंत?" तोर्गिनने विचारले.

"कुणाच्या तोंडाने ठरायला नको, असं मीच कळवलं होतं. मग माझ्याच तोंडाने कसं सांगू?"

सागिंदिक मुलीकडे वळला आणि एकच शब्द म्हणाला, "बदल."

तोर्गिनच्या मांडीवर संगणक उघडा होता. दोन बोटांचे काम होते.

"बदलू शकते, पापा. शिक्का माझ्याचजवळ आहे. मी १९४६ लिहिलं तर फोन तेही हिरवं दाखवेल. मी १८४६ लिहिलं तरी हिरवंच दाखवेल."

"मग हे चार दिवस तू काय बांधत होतीस?"

"मी लिहिल्यावर त्याला कुणी हात लावला नाही, एवढंच हा शिक्का सांगतो. मी लिहिलं ते खरं होतं का, हे त्याला कळत नाही. मी कार्ड बघून लिहिलं. कार्ड कारकुनाने लिहिलं. आणि कारकुनाला घरी जायची घाई होती."

एवढ्यात मागच्या दस्तरखानावरून एका म्हाताऱ्याने कळवले, की वर्षे बदलणार असाल तर आपणही मुळात गायीच्या वर्षातले. त्याच्या शेजारचा म्हणाला, मग मीही. वाघाच्या वर्षातले दोघे निघाले. केंझे आगांनी फोन खिशात टाकला आणि डोके असलेले ताट दोन्ही हातांत धरून ते नुसतेच उभे राहिले.

तोर्गिन विचार करत होती. तिच्या धंद्यात प्रत्येक सर्टिफिकेटच्या मागे दुसरे एक थोरले सर्टिफिकेट असते, त्याची हमी देणारे. त्याच्यामागे तिसरे. असे वर वर जात राहायचे. कार्डाच्या वर कारकून होता, आणि तिथे साखळी कच्ची निघाली. पण कारकुनाच्याही वर कुणीतरी असेल, ज्याने हे सगळे डोळ्यांनी पाहिले आहे. तिने मंडपभर नजर फिरवली आणि ती बायकांच्या बाजूला, एक्याण्णव वर्षांच्या कुल्याश अपांवर, म्हणजे कुल्याश आजींवर, येऊन थांबली. अपा याच गावात जन्मल्या, याच गावात चार घरे पलीकडे दिल्या गेल्या आणि त्यांनी आजवर दर बाळंतपणाला गरम पाणी पोचवले होते. आत्ता त्या चहात बाउर्साक बुडवत होत्या आणि काय चालले आहे याचा त्यांना पत्ता नव्हता.

तोर्गिन त्यांच्या कानाशी वाकली आणि तिने ओराझाली अतांचे वर्ष विचारले.

"कुत्र्याचं," अपा म्हणाल्या. "लढाई संपल्यावरचा पहिला हिवाळा. कुरणावरची विहीर गोठली होती, बर्फ फोडून पाणी मी आणलं. बारा वर्षांची होते. रडका होता फार." मग त्यांनी बाउर्साक चावला आणि न विचारताच पुढे सांगितले. "तो इब्राय उंदराच्या वर्षातला. त्याच्यानंतर दोन वर्षांनी."

इब्राय अता सावरून बसले. "अपा, तुम्हाला आता नीट आठवत नाही. माझ्या कार्डावर सत्तेचाळीस आहे."

"असणारच. ट्रॅक्टरच्या वर्गात लहान म्हणून घेत नव्हते, तर एक वर्ष वाढवून आणलंस. त्या कारकुनाला जी मेंढी दिलीस ना, ती माझी होती. अजून परत केली नाहीस."

मंडप हसून फुटला. हसणे थोडे ओसरल्यावर एल्दोसने, सवयीप्रमाणे, विचारलेच, की ओराझाली अतांची हमी अपांनी दिली, पण अपांची हमी कोण देणार?

"कुणी नाही," तोर्गिन म्हणाली. "सगळ्यांत वर जो असतो, त्याचा शिक्का त्याचा तोच मारतो. मानायचा तर मानायचा."

सगळ्यांनी अपांकडे पाहिले. अपांनी रिकामा पेला पुढे केला. कुणाची हरकत आली नाही.

सागिंदिकने केंझे आगांच्या हातातून ताट स्वतः घेतले आणि काकांपुढे गुडघे टेकून ठेवले. ओराझाली अता अजून काठीला धरून उभे होते. त्यांनी डोक्याला बोट लावून पाहिले.

"थंड झालंय," ते म्हणाले.

"हो, काका."

"दोन वर्षं झाली. थंड व्हायचंच." त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि ते खाली बसले. "तू कुठे चाललास? बस इथे माझ्याजवळ."

त्यांनी हात उघडले, तसे दीडशे जणांनी उघडले. आशीर्वाद बराच लांबला, आणि तो चालू असताना सागिंदिकने तोंडावरून हात फिरवायच्या निमित्ताने डोळे दोनदा पुसले. तोर्गिनने संगणक मिटला. आठवड्याभरात तिला पहिल्यांदाच भूक लागली.

मग ओराझाली अतांनी सुरी घेतली. उजव्या गालाचा तुकडा आधी स्वतः चाखला, दुसरा सागिंदिकला भरवला. मग त्यांनी कान कापला. कान जेवणातल्या सर्वांत धाकट्याला देतात, म्हणजे तो थोरांचे ऐकायला शिकतो. म्हाताऱ्याची नजर पोरांच्या घोळक्याकडे गेली, तिथून परत आली, आणि शेजारच्या माणसावर थांबली. दोन वर्षांनी त्यांच्या चेहऱ्यावर खोडकर हसू आले होते.

"घे, इब्राय," ते म्हणाले आणि कान त्यांच्या तळहातावर ठेवला. "उंदराच्या वर्षातला ना तू. ऐकत जा थोरांचं."

पहिला हशा आला आणि मध्येच तुटला, कारण इब्राय अता हसत नव्हते. ते तळहातावरच्या कानाकडे बघत होते, आणि त्यांचे स्वतःचे कान लाल झाले होते. भरल्या पंगतीत, सुनानातवंडांसमोर, अठ्ठ्याहत्तरीचा म्हणवून घेणाऱ्या माणसाला पोराचा वाटा. त्यांचा दुसरा हात गुडघ्यावर टेकला. उठण्याआधी म्हातारे टेकतात तसा. सागिंदिकच्या तोंडातला गालाचा घास तसाच राहिला. एक म्हातारा आत्ता कुठे बसला होता, तोच दुसरा निघाला, आणि याला परत आणायला पुन्हा दोन वर्षे. ओराझाली अतांचेही हसू विरले. गंमत हातातून निसटली हे त्यांना कळले, पण शब्द परत घ्यायची त्यांना सवय नव्हती. तोर्गिनने संगणकावर हात ठेवला आणि काढून घेतला. इथे मारायला तिच्याजवळ कुठलाच शिक्का नव्हता.

तेव्हा पोरांच्या घोळक्यातून झेरे उठली. तिचे टोकन ज्यावर होते तो आईच्या मांडीजवळचा फोन उचलून ती तोरपर्यंत चालत आली आणि इब्राय अतांच्या समोर उभी राहिली.

"अता, तो कान माझा आहे," ती म्हणाली, आणि तिने फोन त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. "पडताळून बघा. मध्यरात्रीपर्यंत चालतंय."

केंझे आगांनी वाकून त्यावर आपला फोन धरला. हिरवा. इब्राय अतांनी टेकलेला हात उचलून खिशातून चष्मा काढला, बाहीने पुसला, झेरेने ठेवलेला फोन हातभर लांब धरला आणि वाचले.

"दोन हजार सतरा. कोंबड्याचं वर्ष."

"मग तुम्ही धाकटे कसे?"

इब्राय अतांच्या मिशा एका बाजूने हलल्या. त्यांनी तळहात पुढे केला, आणि ओराझाली अतांकडे मान वळवून म्हणाले, "हिचं कार्ड तरी खरं आहे ना, की हिलाही ट्रॅक्टर चालवायचाय?"

झेरेने कान उचलला, मंडपातल्या सगळ्या मोठ्या माणसांकडे एकदा पाहिले, आणि कुणाला काही आठवायच्या आत तो अख्खा तोंडात कोंबला.